डाव्या बाजूचं भोक

उंदराचा मेंदू केवढा असतो असं चकतीकाकांना विचारलंत, तर ते स्वतःच्या अंगठ्याचं वरचं पेर दाखवतात. "एवढुस्सा," म्हणतात, "आणि याच्या मी चारशे चकत्या करतो. तुम्ही काकडीच्या किती करता?" समोरचा हसतो, काका हसत नाहीत. एकच विनोद एकतीस वर्षं केला की करणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या तळमजल्यावर काकांची खोली होती. एक मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर चकत्या पाडायचं यंत्र. गोठवलेला मेंदू त्या यंत्रात बसवायचा आणि पातं फिरवायचं. केसाहूनही पातळ चकती निघते. ती पाण्याच्या बशीत सोडायची, बारीक कुंचल्यानं अलगद काचेच्या पट्टीवर घ्यायची; सुरकुती नको, घडी नको, फाटलेली तर नकोच नको. वरच्या मजल्यांवर शोध लागतात, नावं होतात, फोटो छापून येतात. येऊ देत बापडे! पण खालची चकतीच फाटली, तर वर बसून काय दिवे लावणार होते? हे काका म्हणायचे नाहीत, मी म्हणतोय. काका फार सभ्य माणूस.

हे काम त्यांना शिकवलं मोठ्या बाईंनी. बाई म्हणजे त्या खोलीतल्या त्यांच्या आधीच्या. अंगानं काडी, जिभेनं करवत. चकत्या करण्याआधी मेंदूच्या डाव्या भागातून, पुढून मागे, एक सुई सरळ आरपार काढायची, हा बाईंचा नियम. मग प्रत्येक चकतीला डावीकडे एक नखाच्या टोकाएवढं भोक राहतं. का, तर मेंदूचा डावा अर्धा आणि उजवा अर्धा दिसायला सारखेच, आणि पाण्यावर तरंगणारी चकती कधी कूस बदलेल सांगता येत नाही. उलटी झाली तर ओळखणार कशी? म्हणून काच उचलायची, खिडकीच्या उजेडात धरायची. "भोक डावीकडे दिसलं, तरच काच खाली," बाई म्हणायच्या. संध्याकाळी दिवसभराचं काम वहीत लिहून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. सगळं बिनचूक असलं की बाई म्हणायच्या, "चालेल." एवढंच. शाबासकी, कौतुक, बक्षीस, काय म्हणाल ते त्या एका शब्दात. पुढे बाईंचा हात थरथरायला लागला. एका दुपारी त्यांच्या हातून लागोपाठ तीन चकत्या फाटल्या, तेव्हा त्यांनी कुंचला धुऊन जागेवर ठेवला आणि घरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

वरच्या मजल्यावर एक संशोधक मुलगी होती. लहानखुरी, सतत घाईत, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. काका घरी बायकोशी बोलताना तिला चिमणी म्हणायचे, तर आपणही तेच म्हणू. चिमणीची पाच वर्षं एका प्रश्नात गेली होती. उंदराच्या मेंदूत उजव्या बाजूला एक रंग सोडला की तिथून निघणारे धागे चमकायला लागतात. ते धागे जातात कुठे? शेवटी एका उंदराच्या मेंदूत तिला असं दिसलं, की मागच्या टोकाजवळ पोचल्यावर ती जुडी उजवीकडून चक्क डावीकडे जाते. असं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. लवकरच पाचशे जाणकारांपुढे ती हे सांगणार होती. तिची नोकरी पुढे टिकणं न टिकणं त्या एका भाषणावर होतं.

काकांच्या भोकावरून तिचं आणि काकांचं नेहमी वाजायचं.

"काका, आता चकत्या कॉम्प्युटर जुळवतो. सुई कशाला खुपसता? उगाच जखम."

"तुझा तो प्रोग्रॅम किती वर्षांचा आहे?"

"चार."

"मग जरा मोठा होऊ दे की त्याला."

ती हसायची. भोक राहिलं. तिनं प्रोग्रॅमला एवढंच सांगून ठेवलं, की भोक दिसलं की ते बुजवून टाक. चित्र स्वच्छ दिसायला हवं ना!

त्या उंदराचा मेंदू कापून व्हायच्या आधीच संस्थेत एक नवा चष्मा आला होता. दिसायला पोहणाऱ्यांच्या चष्म्यासारखा, जरा जाडजूड. तो घातला की समोरची खोली तशीच दिसते, टेबल टेबलाच्या जागी, माणसं माणसांच्या जागी. फक्त खोलीच्या मधोमध, नसलेली वस्तू उभी राहते. चारशे चकत्यांचे फोटो एकावर एक रचून कॉम्प्युटर पुन्हा अख्खा मेंदू उभा करतो आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरू शकता, वाकून आत डोकावू शकता. मोठी गंमत. पण त्याला मोठी खोली हवी, आणि मोठी खोली कुणाची? काकांची! खिडकीला काळा पडदा लागला, आणि काकांचं टेबल पलीकडच्या सामानाच्या खोलीत गेलं. तिथे खिडकी नाही. डोक्यावर छताला एक दिवा. काका दोन दिवस कुरकुरले आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले. चिमणीच्या उंदराचा मेंदू तेव्हा हातात होता, तीन चतुर्थांश झालेला. उरलेल्या शहाण्णव चकत्या त्यांनी नव्या जागी काचेवर घेतल्या.

भाषणाला आठ दिवस राहिले असताना चिमणी धावत खाली आली. "काका, चला. तुम्ही कापलेला मेंदू तुम्हालाच अजून दाखवला नाही. लाज वाटते मला."

"माझ्या डोळ्यांना जमेल का ते?"

"न जमायला काय झालं? या हो!"

तिनं स्वतः त्यांच्या डोक्यावर चष्मा बसवला, पट्टा आवळला. काकांनी डोळे उघडले आणि "अगं आई गं!" म्हणून दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या जुन्या खोलीत, बरोबर जिथे त्यांचं टेबल होतं तिथे, कपाटाएवढा मेंदू तरंगत होता. राखाडी, गुळगुळीत, आरपार दिसणारा. आत उजवीकडून हिरव्या धाग्यांची एक जुडी नदीसारखी मागे मागे गेलेली. एकतीस वर्षं त्यांनी मेंदू कापले होते, पण कापलेला मेंदू पुन्हा अख्खा झालेला कधी पाहिला नव्हता. कसा पाहणार? त्यांचं काम संपलं की वरच्यांचं सुरू व्हायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्म्याच्या आत ते पुसताही येईना.

"कसा वाटतोय?" चिमणीनं विचारलं.

"हे मी केलंय?"

"मग काय मी? चारशेच्या चारशे चकत्या तुमच्या. एक फाटलेली नाही. काका, माझी पाच वर्षं तुमच्या हातावर उभी आहेत, हे मला कधीपासून सांगायचं होतं."

असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. जीभ अडकली की माणूस भलतंच काहीतरी बोलतो. ते म्हणाले, "माझं भोक कुठाय?"

चिमणी खळखळून हसली. "आहे तुमचं लाडकं भोक! प्रोग्रॅमनं बुजवलंय. थांबा, काढते." तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली.

मेंदूच्या डाव्या भागात एक काळी रेघ उमटली. बारीक, सरळ, सुतात धरल्यासारखी. काका तिच्या कडेकडेनं चालायला लागले. बाईंनी शिकवलेली सुई. एका दमात घातलेली, कुठे वाकडी नाही. ऊर भरून आला त्यांचा. चालत चालत ते मागच्या टोकाजवळ आले आणि रेघ संपली.

संपली म्हणजे काय? अशी कशी संपेल? काका वाकले. मग पलीकडे गेले. रेघ तिथे होती. मेंदूच्या उजव्या भागात, तितकीच बारीक, तितकीच सरळ, टोकापर्यंत गेलेली. आणि ती जिथे बाजू बदलत होती, बरोबर तिथेच चिमणीची हिरवी जुडीही बाजू बदलत होती.

सुई बाजू बदलत नसते. धागे कुठेच गेले नव्हते. शेवटच्या चकत्या उलट्या लागल्या होत्या. कॉम्प्युटरनं त्या निमूट जुळवून घेतल्या होत्या, आणि एकच खूण होती ती बुजवून टाकली होती.

चिमणी परत आली. "पाहिलंत?"

"पाहिलं," काका म्हणाले. तिनं भोक पुन्हा बुजवलं. मेंदू पुन्हा सुंदर दिसायला लागला.

त्या संध्याकाळी काका जेवायच्या टेबलाशी नुसते बसून राहिले. काकू शिवणकाम करायच्या. समोर पातळ, पारदर्शक कागदाचे नमुने पसरलेले, त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, कुठे "गळा", कुठे "डावी बाही". चकत्या उलटल्या कशा हेच काकांना कळत नव्हतं. प्रत्येक काच त्यांनी उचलून पाहिली होती! उलट त्या नव्या खोलीत रोज भोक उजवीकडे दिसायचं, आणि रोज ते कुंचल्यानं एकेक चकती पालथी करून सरळ करायचे. घरी येऊन सांगितलंही होतं, की हल्ली चकत्या फार द्वाड झाल्यात, एकजात उलट्या पडतात. विचार करता करता त्यांनी समोरचा एक कागद उचलला आणि सवयीनं डोक्यावरच्या दिव्याकडे धरून खालून पाहिला.

"हे काय लिहिलंयस? वाचता येत नाही."

"अहो, खालून बघताय तुम्ही! खालून उलटंच दिसणार. डावी बाही आहे ती."

काकांच्या हातातला कागद खाली आला. खिडकीपाशी ते काच समोर उभी धरायचे, चकती लागलेल्या बाजूनं पाहायचे. नव्या खोलीत उजेड छतावर. तिथे काच डोक्यावर धरून, मान वर करून, काचेच्या मागच्या बाजूनं पाहायचे. चकत्या सरळच होत्या. शहाण्णवच्या शहाण्णव त्यांनी स्वतः, जीव ओतून, उलट्या केल्या होत्या.

त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दीड महिना राहिलाय निवृत्तीला. एकतीस वर्षांत एक चूक नाही. कुणाला कधी कळायचंही नाही गं."

काकूंनी दोरा दातांनी तोडला. "मागे मी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या, आठवतंय? गिऱ्हाईक बिचारं भोळं, तसाच घालून चाललं होतं चार लोकांत. मी रस्त्यात धावत जाऊन अंगावरून उतरवून घेतला. काय हसली होती माणसं मला!"

"मग?"

"मग काय मग? ती पोरगी तुमचा कोट घालून पाचशे माणसांपुढे उभी राहणार आहे. राहू द्यायची?"

जेवण गेलं नाही काकांना.

दुसऱ्या दिवशी चिमणी येण्याआधीच ते वरच्या मजल्यावर तिच्या खुर्चीसमोर बसून होते. ती आली, आणि त्यांनी सांगितलं. कसलीही प्रस्तावना नाही, सारवासारव नाही. काचांची ताटली सात आणि आठ, चकती तीनशे पाच ते चारशे, चूक माझी.

चिमणी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? काका, तुम्ही?" मग तिचा आवाज चढला. "पाच वर्षं! तुम्हाला कळतंय का पाच वर्षं म्हणजे काय?" शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. काका उठून मान खाली घालून उभे. त्यांना वाटलं, बोलू दे, तिचा हक्कच आहे. मग ती कॉम्प्युटरपाशी बसली, शहाण्णव चित्रं निवडली आणि एक कळ दाबली. पाच वर्षांचा शोध मोडायला दहा सेकंदही लागले नाहीत. हिरवी जुडी उजवीकडून निघाली आणि उजवीकडेच सरळ शेवटापर्यंत गेली. तिच्या समोर, डावीकडे, भोकाची काळी रेघ तेवढीच सरळ.

संध्याकाळी काका सामानाच्या खोलीत यंत्र पुसत होते, तेव्हा ती दारात आली. डोळे सुजलेले.

"सरांना सांगून आले. भाषणातून नाव काढून घेतलं. एक वर्ष वाढवून देतायत, पुन्हा नव्यानं करायला."

"पोरी, मी काय बोलू…"

"तुम्ही ऐका. मी ते बोलले असते ना, तर दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी करून पाहिलं असतं आणि मी आयुष्यभर खोटी ठरले असते. मला कळलंसुद्धा नसतं का ते." ती आत आली आणि त्यांच्या पायाशी उकिडवी बसली, लहान मूल बसतं तशी. "सकाळी ओरडले तुमच्यावर. तुमच्या जागी मी असते, तर बोलले असते का, हाच विचार करतेय दिवसभर. मला माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही. फार उपकार झाले तुमचे."

"माझे कसले? भोकाचे." काका म्हणाले. "आणि भोक माझं नाही. बाईंचं आहे."

"मग मला बाईंना भेटायचंय," चिमणी म्हणाली.

रविवारी तिघं निघाली. काकू, कारण बाईंचा बाह्या आखूड करायला आलेला झगा त्यांना परत द्यायचा होता. चिमणी, पाठीवर पिशवीत चष्मा आणि कॉम्प्युटर. आणि काका. बाई तिसऱ्या मजल्यावर भाचीकडे राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, आता काडीहून काडी. जिभेची करवत मात्र तशीच.

"काय रे पोरा, जाडा झालास. बस."

एकोणसाठ वर्षांचा पोर बसला. चिमणीनं बाईंना चष्मा घातला. बाई उठल्या. भाची हात धरायला धावली, तिला त्यांनी झटकलं. खोलीच्या मधोमध, आम्हाला तुम्हाला दिसणार नाही अशा त्या मेंदूभोवती, त्या एक फेरी चालल्या. मग त्यांनी हात पुढे केला. हात थरथरत होता, बोटं एका जागी ठरत नव्हती. त्या बोटांनी हवेतच भोकाची ती काळी रेघ धरून त्या मागच्या टोकापर्यंत सरकत गेल्या.

"थरथरलं तरी फाटत नाही रे काही," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. काकांनी त्यांना हसताना पाहिल्याला खूप वर्षं झाली होती.

मग काकांनी त्यांना शहाण्णव चकत्यांची गोष्ट सांगितली. शिव्या खायची तयारी करूनच आले होते. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू सांगितलंस? आपण होऊन?"

"हो."

"कुणी विचारलेलं नसताना?"

"हो, बाई."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मी हुशार म्हणून सुई घालायला लागले? अरे, मी भ्याले होते. तू यायच्या बारा वर्षं आधी माझ्या चकत्या उलट्या लागल्या. शेवटी कडेची एक शीर भलत्या बाजूला दिसली, तेव्हा कळलं. तोवर सगळं छापून आलं होतं. तेव्हाच्या सरांचं नाव झालं होतं, पेपरात फोटो, हारतुरे. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सुई घातली, म्हणजे पुन्हा तसं व्हायला नको. त्रेचाळीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा बोलतेय."

काकूंनी उठून बाईंचा थरथरता हात आपल्या हातात घेतला.

"बाई," चिमणी हळूच म्हणाली, "त्या काचा अजून आहेत. तळघरात सगळे जुने डबे ठेवलेत. कुठल्या ते कळलं, तर अजूनही दुरुस्त होईल. छापूनही येईल, की हे असं होतं."

"कुठल्या?" बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं बाईंना त्यांचं स्वतःचं वय विचारलं. "डबा अकरा. काच चौतीस ते साठ. एकेचाळीस सोडून, ती सरळ लागली होती."

काकांनी खिशातून छोटी वही काढली. त्यांनी लिहिलं, आणि मग, पूर्वी रोज संध्याकाळी करायचे तसं, उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. "डबा अकरा. काच चौतीस ते साठ. एकेचाळीस सोडून. सर्व उलट लागलेल्या. चूक लावणाऱ्याची."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"चालेल," त्या म्हणाल्या.